आकड्यांतून उमटलेला मंगळ

निरभ्र रात्री आकाशात पाहिले असता मंगळ हा ग्रह आपल्या तांबूस तेजामुळे चटकन ओळखू येतो. पेटत्या निखाऱ्यासारखा दिसतो म्हणून आपल्या पूर्वजांनी त्याला ‘अंगारक’ म्हटले. तो भूमीचा पुत्र आहे अशा समजुतीने त्याला ‘भौम’ असेही नाव दिले. आठवड्याच्या सात वारांपैकी एक वार त्याच्या नावाने ओळखला जातो. अशा ह्या ग्रहाविषयी माणसाला फार प्राचीन काळापासून कुतूहल वाटत आले आहे. तेथे डोंगर असतील काय? पाणी असेल काय? आपल्यासारखे कोणी तेथे राहत असेल काय?

दुर्बिणीचा शोध लागला, तेव्हा हे कुतूहल शमण्याऐवजी अधिकच वाढले. १८७७ साली स्किआपारेल्ली ह्या इटालियन ज्योतिर्विदाला मंगळावर काही बारीक रेषा दिसल्या. त्याने आपल्या भाषेत त्यांना जो शब्द वापरला, त्याचा अर्थ प्रवाहमार्ग असा होता. परंतु इंग्रजीत त्या शब्दाचे भाषांतर होताना प्रवाहमार्गांचे ‘कालवे’ झाले. प्रवाह निसर्ग निर्माण करतो. कालवा मात्र कोणीतरी खणावा लागतो. मग हे कालवे खणले तरी कोणी? अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल ह्या गृहस्थाला तर ह्या प्रश्नाने झपाटूनच टाकले. त्याने १८९४ साली अ‍ॅरिझोना प्रांतात स्वतःची वेधशाळा उभारली, मंगळाचे असंख्य नकाशे काढले आणि तेथील बुद्धिमान प्राण्यांनी ध्रुवांवरील बर्फाचे पाणी शेतीसाठी कालव्यांनी आणले आहे, असे प्रतिपादन केले. पुष्कळांना ते खरे वाटले; पुष्कळांना ते पटले नाही. परंतु खरे काय ते निश्चित सांगणे कोणालाच शक्य नव्हते. कारण पृथ्वीभोवतीची हवा सतत हालत असते. त्यामुळे दुर्बीण कितीही मोठी असली, तरी दूरच्या ग्रहाची प्रतिमा वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी थरथरत राहते.

हा वाद मिटवावयाचा, तर मंगळाच्या जवळ जाऊनच त्याचे छायाचित्र घेणे आवश्यक होते. विसाव्या शतकाच्या मध्यास अग्निबाणांची शक्ती वाढली आणि ही गोष्ट आटोक्यात आली. परंतु येथे एक मोठी अडचण होती. त्या काळी नेहमीच्या कॅमेऱ्यात एक फिल्म असे. तिच्यावर प्रकाश पडला की चित्र उमटे. मग ती फिल्म अंधाऱ्या खोलीत रसायनांनी धुऊन चित्र पाहता येई. मंगळाकडे जाणारे यान मात्र परत येणार नव्हते. मंगळाजवळून ते पुढे जाणार आणि कायमचे सूर्याभोवती फिरत राहणार, अशी योजना होती. मग त्याच्यातील फिल्म पृथ्वीवर आणावयाची कोणी? यान परत येणार नसेल, तर निदान चित्र तरी परत आले पाहिजे. आणि चित्राला पंख नसल्यामुळे त्याने रेडिओलहरींवर बसून आले पाहिजे. हे कसे साधावे, हाच खरा प्रश्न होता.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात पासाडेना नावाचे गाव आहे. तेथील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी ह्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी हे काम हाती घेतले. त्यांनी ‘मरिनर ३’ आणि ‘मरिनर ४’ अशी दोन सारखी याने तयार केली. मरिनर म्हणजे दर्यावर्दी. ५ नोव्हेंबर १९६४ रोजी त्यांतील पहिले यान आकाशात झेपावले. परंतु उड्डाणाच्या वेळी यानाच्या रक्षणासाठी घातलेले आवरण वर गेल्यावर गळून पडावयास हवे होते, ते पडलेच नाही. त्यामुळे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारे यानाचे पंख उघडू शकले नाहीत. साठविलेली वीज काही तासांत संपली आणि यान मुके झाले.

कित्येक महिन्यांचे श्रम असे वाया गेले. शिवाय मंगळाकडे जाण्यास अनुकूल काळ सुमारे २६ महिन्यांतून एकदाच येतो. ही वेळ टळली असती, तर दोन वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले असते. अभियंते हताश होऊन बसले नाहीत. त्यांनी अपयशाचे कारण शोधले, जुन्या बनावटीचे आवरण रद्द केले आणि केवळ तीन आठवड्यांत धातूचे नवे आवरण तयार करून दुसऱ्या यानाला चढविले. २८ नोव्हेंबर १९६४ रोजी ‘मरिनर ४’ मंगळाच्या वाटेला लागले. ह्या वेळी आवरण गळून पडले, पंख उघडले आणि सुमारे २६० किलोग्रॅम वजनाचे ते यान आपल्या लांबच्या प्रवासाला सुखरूप निघाले.

समुद्रावरील दर्यावर्दी ताऱ्यांवरून दिशा ओळखतो. ह्या दर्यावर्द्यानेही तेच केले. एका बाजूने सूर्याकडे पाहावयाचे आणि दुसऱ्या बाजूने अगस्त्याच्या तेजस्वी ताऱ्याकडे, अशी व्यवस्था यानात केली होती. सुरुवातीला यानाने दुसऱ्याच ताऱ्यांना अगस्त्य समजून त्यांच्यावर नजर रोखली. खरा अगस्त्य सापडण्यास एक दिवसाहून अधिक वेळ लागला. पुढे यानाजवळून तरंगत जाणारे धुळीचे कण सूर्यप्रकाशात चमकत आणि त्यांमुळेही त्याची नजर विचलित होई. तेव्हा अशा क्षणिक चमकीकडे लक्ष न देण्याची आज्ञा पृथ्वीवरून धाडण्यात आली. अशा रीतीने साडेसात महिने प्रवास करून १४ जुलै १९६५ रोजी यान मंगळापाशी पोहोचले. त्या वेळी ते पृथ्वीपासून सुमारे २१ कोटी ६० लक्ष किलोमीटर दूर होते. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने धावतात. तरीही यानाचा एक संदेश येथे पोहोचण्यास १२ मिनिटे लागत.

आता यानातील कॅमेरा कसा होता ते पाहू. त्यात फिल्म नव्हती. तो टेलिव्हिजनच्या, म्हणजे दूरचित्रवाणीच्या, कॅमेऱ्याचाच एक प्रकार होता. एका लहान दुर्बिणीतून येणारे मंगळाचे प्रतिबिंब ‘व्हिडिकॉन’ नावाच्या काचेच्या नळीतील पडद्यावर पडत असे. हा पडदा मोठा विलक्षण असतो. त्याच्या ज्या भागावर अधिक उजेड पडतो, तेथे विद्युत्भार एका प्रमाणात राहतो. जेथे कमी उजेड पडतो, तेथे निराळ्या प्रमाणात राहतो. अशा रीतीने डोळ्यांना न दिसणारे, विजेचे असे एक चित्र पडद्यावर तयार होते. मग नळीच्या मागील बाजूने इलेक्ट्रॉनांचा बारीक झोत त्या पडद्यावरून फिरू लागतो. शेतकरी नांगर धरून शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक तास काढीत जातो, त्याप्रमाणे हा झोत पडद्यावरून एकेक ओळ काढीत जातो. जेथे जसा उजेड पडला असेल, त्याप्रमाणे विजेचा प्रवाह कमीअधिक होतो. हा चढउतारांचा प्रवाह म्हणजेच चित्राचा संकेत होय.

त्या काळच्या नेहमीच्या दूरचित्रवाणीत हा झोत सेकंदाला २५ किंवा ३० वेळा संपूर्ण पडद्यावरून फिरत असे. चित्रे इतक्या वेगाने येत की पाहणाऱ्याला ती हालतीबोलती वाटत. परंतु तो संकेत वाऱ्याच्या झुळुकीसारखा येई आणि निघून जाई. मंगळाच्या चित्राचे असे होऊन चालणार नव्हते. तो धावता संकेत पकडून ठेवावयास हवा होता. धावत्या प्रवाहातून एक स्थिर चित्र वेचून घ्यावयास हवे होते. म्हणून मरिनरच्या कॅमेऱ्यात झोताची गती मुद्दाम अतिशय मंद ठेवली होती. प्रत्येक चित्र २०० ओळींचे होते आणि त्या ओळी वाचण्यास झोताला सुमारे २४ सेकंद लागत.

एवढ्याने काम भागले नाही. प्रत्येक ओळीचे पुन्हा २०० बिंदू कल्पिले होते. अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालताना आधी ओळीने ठिपके मांडतात. तसेच हे चित्रही ओळीने मांडलेल्या बिंदूंचे होते. २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० बिंदू, म्हणजे एका चित्रात एकूण ४०,००० बिंदू झाले. प्रत्येक बिंदू किती उजळ आहे हे मोजून यानातील यंत्र त्याला एक आकडा देत असे. अगदी पांढऱ्या बिंदूला शून्य, अगदी काळ्या बिंदूला ६३ आणि मधल्या करड्या छटांना मधले आकडे, अशा एकूण ६४ पायऱ्या होत्या. म्हणजे मंगळाचे चित्र आता चित्र राहिलेच नाही. ती ४०,००० आकड्यांची एक यादी झाली.

चित्राची यादी करण्यात काय लाभ, असे कोणालाही वाटेल. परंतु ह्यातच सारे चातुर्य होते. करडा रंग लांबवर पाठविला, तर वाटेत तो फिकट होईल किंवा गढूळ होईल. आणि मूळ रंग कोणता होता हे ओळखता येणार नाही. आकड्याचे तसे नाही. हे आकडे केवळ शून्य आणि एक अशा दोन चिन्हांनी लिहिलेले होते. ह्या चिन्हाला ‘बिट’ असे म्हणतात. अशी सहा चिन्हे ओळीने मांडली, तर त्यांच्या ६४ निरनिराळ्या रचना होतात. म्हणून प्रत्येक बिंदूसाठी सहा बिट पुरेसे झाले. संदेश कितीही क्षीण झाला, तरी आलेले चिन्ह शून्य आहे की एक आहे, एवढेच ओळखावयाचे असते. दूरच्या टेकडीवरील दिवा पेटलेला आहे की विझलेला आहे, हे सांगणे सोपे; तो किती तेजाने पेटला आहे, हे सांगणे कठीण.

हे आकडे यानातील एका टेपरेकॉर्डरच्या सुमारे १०० मीटर लांबीच्या फितीवर साठविण्यात आले. मंगळाजवळून जाताना यानाला चित्रे घेण्यासाठी जेमतेम २५ मिनिटे मिळाली. तेवढ्या अवधीत त्याने २१ पूर्ण चित्रे आणि बाविसाव्या चित्राच्या काही ओळी फितीवर नोंदविल्या. मग यान मंगळाच्या मागे गेले आणि पृथ्वीशी त्याचा संबंध काही काळ तुटला. ते पुन्हा बाहेर आल्यावर फीत उलगडून आकडे पाठविण्याचे काम सुरू झाले.

ते काम फारच सावकाश चालले. यानाच्या रेडिओची शक्ती केवळ १० वॅट होती. घरातील लहानशा दिव्याएवढीच म्हणा ना. रुंद नदीच्या पैलतीरावरील माणसाशी बोलावयाचे असेल, तर भरभर बोलून चालत नाही. एकेक अक्षर सावकाश उच्चारावे लागते. मरिनरही असाच सावकाश बोलत होता. एका सेकंदात तो केवळ सव्वाआठ ते साडेआठ बिट, नेमके सांगावयाचे तर तीन सेकंदांत २५ बिट, पाठवू शकत असे. एका चित्राचे ४०,००० बिंदू आणि प्रत्येक बिंदूचे सहा बिट, म्हणजे एकूण २,४०,००० बिट होत. ते सारे पोहोचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे एकाच ठिकाणाहून यानाकडे सतत कान लावता येत नाही. म्हणून कॅलिफोर्निया, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया येथील केंद्रांतून, २६ मीटर व्यासाच्या प्रचंड थाळ्यांच्या साहाय्याने, हे क्षीण बोल आळीपाळीने टिपून घेतले जात होते.

पासाडेनाच्या प्रयोगशाळेत त्या वेळी सर्वांच्या मनाची मोठी घालमेल चालली होती. यानातील टेपरेकॉर्डरने आपले काम नीट केले की नाही, ह्याविषयी अभियंत्यांना शंका होती. फितीवर खरोखरच चित्रे आहेत, की नुसतेच निरर्थक आकडे? संगणकाकडून पक्के चित्र तयार होऊन येण्यास अवकाश होता. येणारे आकडे मात्र कागदाच्या अरुंद पट्ट्यांवर सारखे छापले जात होते. त्या आकड्यांकडे पाहून डोळ्यांना काहीच बोध होत नव्हता.

रिचर्ड ग्रम नावाचा अभियंता टेपरेकॉर्डरच्या कामाशी संबंधित होता. त्याला हे नुसते वाट पाहणे सहन होईना. आकडे तर हाती आहेत. मग यंत्राची वाट कशाला पाहावयाची? आपणच चित्र का रंगवू नये? अशा विचाराने तो जवळच्या चित्रसाहित्याच्या दुकानात गेला आणि करड्या रंगाच्या निरनिराळ्या छटांचे खडू मागू लागला. तसे खडू तेथे नव्हते. होते ते रंगीत पेस्टल खडू. वाद घालण्यास वेळ नव्हता. त्याने तेच घेतले. इकडे कागदाच्या पट्ट्या एकीशेजारी एक अशा एका फळीवर लावण्यात आल्या. अमुक आकड्यापासून अमुक आकड्यापर्यंत पिवळा, त्यापुढे तांबूस, त्यापुढे तपकिरी, असे रंग ठरले. आणि ते अभियंते लहान मुलांप्रमाणे आकडे पाहून रंग भरू लागले.

हळूहळू फळीवर एक आकृती दिसू लागली. एका बाजूस गडद तपकिरी आकाश होते, तर दुसऱ्या बाजूस उजळ जमीन. आणि त्या दोहोंच्या मध्ये एक डौलदार वक्र रेषा होती. ती रेषा म्हणजे मंगळाची कडा! फितीवर चित्रे होती. टेपरेकॉर्डर आपल्या कामाला चुकला नव्हता. दुसऱ्या ग्रहाच्या सान्निध्यातून घेतलेले हे पहिलेच चित्र. आणि ते अवघे जग ज्याची वाट पाहत होते त्या यंत्रांतून बाहेर पडण्यापूर्वीच खडूंनी, हाताने रंगविले गेले. वार्ताहरांना ही बातमी लागली आणि संगणकाचे पक्के चित्र तयार होण्याच्या आधी ते रंगीत चित्रच दूरचित्रवाणीवर झळकले.

त्यानंतरच्या दहा दिवसांत एकेक करून सर्व चित्रे हाती आली. त्यांत कालवे नव्हते. शेते नव्हती, नगरे नव्हती, कोणी बांधलेले असे काहीच नव्हते. जागोजाग दिसत होती ती चंद्रावर असतात तशी गोल विवरे. लहानमोठी मिळून सत्तराच्या आसपास विवरे त्या चित्रांत मोजता आली. यान मंगळाच्या मागे जात असता त्याच्या रेडिओलहरी तेथील हवेतून आल्या होत्या. त्यांवरून हवेचेही मोजमाप झाले. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरील दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी निघाला. लॉवेलने कल्पिलेले ते पाण्याने भरलेले कालवे अशा विरळ हवेत वाहणे शक्यच नव्हते. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चाललेला वाद चाळीस चाळीस हजार आकड्यांच्या एकवीस याद्यांनी मिटविला.

परंतु ही कथा येथेच संपत नाही. चित्रे पाहून अनेकांना वाटले की मंगळ चंद्रासारखाच निर्जीव, सपाट व कंटाळवाणा ग्रह आहे; त्याच्यात आणखी पाहण्यासारखे काही उरले नाही. येथे मात्र त्यांची चूक झाली. मरिनरच्या साऱ्या चित्रांत मिळून मंगळाच्या पृष्ठभागाचा जेमतेम शंभरावा भाग दिसला होता. घराच्या एका खिडकीतून गल्लीचे टोक पाहावे आणि साऱ्या देशाचे वर्णन करावे, तसाच हा प्रकार होता. पुढे १९७१ च्या नोव्हेंबरमध्ये ‘मरिनर ९’ हे यान मंगळाभोवती फिरू लागले. तेथे पोहोचताच त्याला धुळीच्या प्रचंड वादळाने झाकलेला ग्रह दिसला. धूळ खाली बसेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि नंतर ७,००० हून अधिक चित्रे पाठविली. त्या चित्रांत हिमालयाहूनही उंच असे विझलेले ज्वालामुखी होते, हजारो किलोमीटर लांबीची दरी होती आणि फार प्राचीन काळी कोणे एके समयी पाणी वाहिले असावे, असे सुचविणारी कोरडी पात्रेही होती. पहिल्या यानाची चित्रे खोटी नव्हती. तिने सांगितले तेवढेच खरे होते. चूक होती ती थोड्यावरून सर्वांचे अनुमान काढणाऱ्यांची. लॉवेलने अस्पष्ट चित्रात नसलेले पाहिले. नंतरच्या लोकांनी स्पष्ट चित्रात न आलेले नाहीच, असे मानले. दोन्ही चुका सारख्याच.

धावत्या संकेतातून स्थिर चित्र पकडावयाचे, त्याचे बिंदू करावयाचे, बिंदूंचे आकडे करावयाचे आणि ते साठवून ठेवावयाचे, ही रीत पुढे पृथ्वीवरही रुळली. १९७५ साली स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अमेरिकन अभियंत्याने फिल्म नसलेला एक कॅमेरा बनविला. तो साडेतीन किलोग्रॅमहून अधिक वजनाचा होता. त्याचे चित्र शंभर ओळींचे व प्रत्येक ओळीत शंभर बिंदूंचे, म्हणजे अवघ्या १०,००० बिंदूंचे होते. ते गाण्यांच्या कॅसेटसारख्या कॅसेटवर नोंदविण्यास २३ सेकंद लागत आणि मग ते दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहता येई. आज घरोघरी असलेल्या मोबाइलमधील कॅमेरा लक्षावधी बिंदूंचे चित्र डोळ्याचे पाते लवते न लवते तोच टिपतो. तेथे व्हिडिकॉनची नळी नाही, फीतही नाही. परंतु प्रकाशाचा आकडा करावयाचा हे मूळ तत्त्व तेच आहे. २४ सप्टेंबर २०१४ रोजी भारताचे मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरले. त्याच्या रंगीत कॅमेऱ्यानेही मंगळाची चित्रे ह्याच तत्त्वाने, बिंदूंच्या आकड्यांच्या रूपाने, आपल्या देशात पाठविली.

आकडे पाहून रंगविलेले ते चित्र पुढे फळीसकट चौकटीत बसवून प्रयोगशाळेचे संचालक विल्यम पिकरिंग ह्यांना भेट देण्यात आले. ते आजही पासाडेना येथे जपून ठेवलेले आहे. दुरून पाहणाऱ्याला ते एखाद्या चित्रकाराने काढलेले मंगळाचे चित्र वाटते. जवळ जावे, तो खडूच्या रंगाखाली बारीक आकड्यांच्या रांगाच रांगा दिसू लागतात. त्यांतील एकही आकडा कोणी मनाने घातलेला नाही. साऱ्या आकड्यांनी २१ कोटी किलोमीटरांचा प्रवास केला आहे. माणसाच्या हाताने त्यांना केवळ रंग दिला आहे.

अभ्यास

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मंगळाला ‘अंगारक’ हे नाव कशामुळे मिळाले?
(आ) ‘प्रवाहमार्ग’ ह्या शब्दाचे ‘कालवे’ असे भाषांतर झाल्याने कोणता गैरसमज पसरला?
(इ) मरिनर ४ ने दिशा ओळखण्यासाठी कोणत्या ताऱ्याचा उपयोग केला?
(ई) रिचर्ड ग्रमने रंगीत पेस्टल खडू का घेतले?

२. कारणे लिहा.
(अ) मरिनर ४ मध्ये फिल्मचा कॅमेरा ठेवून उपयोग नव्हता.
(आ) चित्राऐवजी आकडे पाठविणे अधिक खात्रीचे होते.
(इ) एक चित्र पृथ्वीवर पोहोचण्यास आठ तासांहून अधिक वेळ लागला.

३. ‘दोन्ही चुका सारख्याच,’ असे पाठात म्हटले आहे. त्या दोन चुका कोणत्या, ते आपल्या शब्दांत सांगा. अशी चूक दैनंदिन जीवनात कशी होते, ह्याचे एक उदाहरण द्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.
आटोक्यात येणे, हताश होणे, घालमेल होणे, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच.

५. पुढील शब्दांचे समास सोडवा.
वेधशाळा, छायाचित्र, सूर्यप्रकाश, लहानमोठी.

६. उपक्रम : चौकटींच्या कागदावर २० ओळी व प्रत्येक ओळीत २० चौकटी घ्या. एखादे पान, फूल किंवा मडके ह्यांचे सोपे चित्र त्यात काढा. पांढऱ्या चौकटीला ०, फिकट चौकटीला १, गडद चौकटीला २ व काळ्या चौकटीला ३ असे आकडे द्या. चित्र न दाखविता केवळ आकडे ओळीने वाचून दाखवा व मित्राला त्यांवरून चित्र रंगविण्यास सांगा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून ताडून पाहा.